तंबोऱ्याच्या तारेची क्रेन

नागठाणे, जि. सातारा
१८ जून २०२४

दोस्त रसूल,

एका वीतभर मोटारीची खरी किंमत किती, ते आधी सांगतो. डब्यावर छापलेला आकडा सोडून दे, तो पोरानं, यशराजनं, भरला. माझ्याकडून गेलं ते असं : डाव्या अंगठ्याची साल, चष्म्याची एक काडी, बायकोची म्हणजे शालूबाईची भरतकामाची कात्री, त्या कात्रीपायी तिचं माझ्याशी बोलणं, आणि ‘मानसिंगच्या हातून गाडी बिघडत नाही’ ही एवढ्या वर्षांत कमावलेली अब्रू. अब्रू सगळ्यात महाग पडली.

ईद मुबारक. एक दिवस उशीर झाला, पण मन साफ आहे.

झालं काय, की गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पोरानं मला घरी बसवलाय. तिन्ही क्रेन तोच बघतो. मी व्हरांड्यात बसून हायवे ऐकतो. कुठल्या ट्रकचं बेअरिंग चाललंय, कुणाचा गिअर दातावर दात घासतोय, हे बसल्या जागी सांगतो. ऐकून पोरगं कंटाळलं आणि त्यानं हा डबा आणला. आत १९३४ सालची मोटार, प्लॅस्टिकच्या सुट्ट्या भागांत. रसूल, काय सांगू तुला! दाराची मूठ ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि तिच्यावर किल्लीचं भोक! कुणीतरी कुठंतरी बसून ते भोक पाडलं असंल. मी भिंग लावून अर्धा दिवस नुसता बघत बसलो.

मग डोक्यात आलं, की आपली पहिली क्रेन अशाच मोटारीची होती. आठवते? संस्थानिकाच्या गॅरेजमधनं भंगारात निघालेली. मागची गादी, डिकी सगळं कापलं, साखर कारखान्याचं जुनं गर्डर उभं केलं, साखळी आणि कप्पी लावली. लोक हसले. ‘राजाच्या मोटारीचं गाढव केलं’ म्हणाले. त्याच गाढवानं मला माणसात आणलं. एक फोटो न्हाई तिचा. तेव्हा कुठला फोटो! म्हणून ठरवलं, की या डब्यातल्या मोटारीची तशीच क्रेन करायची आणि खंडेनवमीला पान्या-जॅकांच्या शेजारी पूजेत मांडायची.

कापाकापी झाली. आता रंग. आम्ही रंगवतो तशी पुट्टी भरली, थिनर घातलेला रंग गनमधनं मारला. चहा पिऊन येतो तर मोटारीचं छप्पर बसलेलं, चाकांवरचे मडगार्ड चुलीजवळ ठेवलेल्या गुळासारखे ओघळलेले. थिनर प्लॅस्टिक खातं, हे गॅरेजात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नसावं! यशराजनं दुसरा डबा मागवला. ही दुसरी मोटार मी जोडली, मागून कापली आणि मुलांच्या चित्रकलेचा रंग हातानं लावला. पण उचलायचं सामान, म्हणजे दांडा, दोर गुंडाळायचा रहाट आणि हूक, माझ्या बोटांना जमणारं नाही. माझ्या बोटांत बत्तीसचा नट बसतो.

ते तुझं काम. तंबोऱ्याच्या खुंटीला हस्तिदंती फूल कोरणाऱ्याला हूक म्हणजे काय! ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा तुझ्या कारखान्याच्या पायरीवर झोपायचो, तेव्हापासून तुझा हात बघतोय. माझ्या घरातला तंबोरा तुझ्या हातचा आहे. भजनाच्या निमित्तानं गावोगावचे तंबोरे ऐकतो, आणि शंभर तंबोरे मांड, त्यातनं रसूलच्या हातचा मी डोळे मिटून काढून देईन. पैज लाव.

तू फोन उचलत नाहीस. भाभी उचलतात, ‘कारखान्यात हैत’ म्हणतात. पण मागनं कानसीचा आवाज येत नाही. माझे कान तुला ठाऊक आहेत. भांडण असेल तर तसं लिही.

तुझा
मानसिंग

*

मिरज, जि. सांगली
२९ जून २०२४

मानसिंग,

अक्षर बघून घाबरू नको. डाव्या हाताचं आहे.

रमजानच्या आधी एका सकाळी उजवं अंग गेलं. पाय परत आला. हात आला नाही. जीभ जड झाली. फोनवर माझं बोलणं तुला कळलं नसतं आणि तू ‘बरं बरं’ म्हणाला असतास. ते मला नको होतं. तुझ्या कानाला ही जीभ ऐकवायची नव्हती. भांडण नाही.

तुझं काम होणार नाही. डबा पाठवू नको.

धारवाडच्या एका गाणाऱ्या बाईंची तंबोऱ्यांची जोडी अर्धी राहिली आहे. एका तंबोऱ्याची जवारी काढून झाली होती. दुसऱ्याची काढायला बसणार त्याच दिवशी पडलो. बाईंनी आपल्या गुरूच्या मोडक्या तंबोऱ्याची, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी आणून दिली आहे, तीच बसवायची. हाडाची, जुनी, मधाच्या रंगाची. जवारी काढायची म्हणजे घोडीचा माथा कानसीनं असा उतरवायचा की तार टेकते न टेकते. जमलं तर तार गुंजते, नाहीतर नुसती ठण्ण वाजते. आणि जास्त उतरवलेलं हाड परत चढत नाही. दुसरी घोडी कुठून आणू?

दिवाळीला बाई येतील. आमचा शोएब म्हणतो, जोडी तशीच परत देऊ, कारखाना भाड्यानं देऊ, तुम्ही दोघं पुण्याला चला. भाडेकरू ठरवलाय त्यानं, मोबाईलच्या दुकानवाला. पोरगा वाईट नाही. रिकाम्या बाकड्यासमोर बाप बसलेला त्याला बघवत नाही. मलाही बसवत नाही.

हात दुखला. थांबतो.

रसूल

*

नागठाणे
४ जुलै २०२४

दोस्त रसूल,

पत्र वाचून शालूबाईला दिलं. तिनं वाचलं आणि कात्री गेल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, “आवं, एवढं झालं आन् तुमाला कळलं न्हाई? आन् म्हनं कान!” 

यायला निघालो होतो, पण गुडघा चार पायऱ्यांत बसतो आणि डॉक्टर अजून काही आठवडे थांबा म्हणतो. यशराज गाडी घेऊन येतो म्हणतो, पण तुला पोराच्या आधारानं आत येणारा मित्र बघायचा नाही आणि मला बाकड्यावर न बसलेला रसूल बघायचा नाही. तेव्हा पत्रच बरं. पत्राला जड जीभ लागत नाही, गुडघाही लागत नाही.

डबा पाठवू नको म्हणालास. माझा ड्रायव्हर धुळा मंगळवारी एक बंद पडलेली जीप ओढत सांगलीला येतोय, त्याच्याबरोबर डबा पाठवतोय. चिडू नको. मी काम सांगत नाही. माझ्या घरात ती मोटार बघितली की हात शिवशिवतात आणि मी पुन्हा काहीतरी विरघळवीन. तुझ्याकडं ठेव. भाभींना सांग कपाटावर ठेवा.

एक मात्र विचारतो, धंद्याचं म्हणून. रहाट मागं फिरू नये म्हणून आम्ही दातेरी चक्र आणि त्याला अटकाव लावतो. एवढ्या बारक्यात दाते कापायचे कसे? तुझी खुंटी तर नुसती भोकात बसवलेली असते, ना दाते ना अटकाव. मग ती तार धरून कशी राहते? कधी विचारलं नाही तुला. जमलं तर दोन ओळी लिही.

मानसिंग

*

मिरज
९ ऑगस्ट २०२४

मानसिंग,

तू चहाटळ आहेस. ‘कपाटावर ठेव’ म्हणे, आणि खाली प्रश्न.

खुंटी निमुळती असते, भोकही निमुळतं. फिरवताना आत दाबायची. जेवढी ओढ तेवढी ती घट्ट बसते. थोडा खडू लावायचा म्हणजे सरकतही नाही, अडकतही नाही. दाते लागतात तुम्हा लोखंडवाल्यांना.

लिहिण्यापेक्षा करून पाठवतो आहे. धुळा परत आला होता, त्याच्याकडं दिलं. रहाट म्हणजे शिसवीची खुंटी, उडदाच्या शेंगेएवढी. दोर म्हणजे सतारीची सगळ्यात बारीक तार. हूक उंटाच्या हाडाच्या तुकड्यातला. दांडा तून लाकडाचा, तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची तबली करतो त्याच फळीचा. डाव्या हातानं केलंय, खोट काढू नको.

पण तुझी मोटार मोडली. लपवत नाही.

तार चढवली. तार चढवली की ती सुरात लावल्याशिवाय थांबता येतं का? आमच्या घरात नाही येत. खुंटी पिळत गेलो. ‘हौर, हौर’ म्हणजे आणखी, आणखी. षड्ज अगदी जवळ आला होता. तेवढ्यात गाडीचं पोट कमानीसारखं वाकलं, पुढची दोन्ही चाकं हवेत गेली आणि मोटार बाकड्यावर घोड्यासारखी उभी राहिली. मग कट्ट आवाज झाला.

मी हसलो. मार्चनंतर पहिल्यांदा. तोंड एकाच बाजूनं हसतं, पण हसलो.

तुझी मोटार गेली त्याचं वाईट वाटतं.

रसूल

*

नागठाणे
१४ ऑगस्ट २०२४

दोस्त,

काल संध्याकाळी धुळा आला आणि मी व्हरांड्यातल्या टेबलावर डबा उघडला. तीन ड्रायव्हर, दोन हेल्पर, पंक्चरवाला गुंडा, सगळे भोवती उकिडवे बसले. या लोकांनी दरीतनं वीस टनी ट्रक वर काढलेत. तुझा हूक कागदातनं निघाला तेव्हा एकेकानं आधी हात पँटला पुसले. मी तळहातावर घेतला तर वजनच लागेना. हुकाच्या टोकाला आत वळलेली ती किंचित चोच! दोर निसटू नये म्हणून असते ती. तुला कुणी सांगितलं? गुंडा म्हणाला, “मालक, ह्ये मान्सानं केल्यालं न्हाई वाटत. उगावल्यालं वाटतंय.”

मग मी खुंटी तुझ्या सांगण्याप्रमाणं दाबून फिरवली आणि तारेला बारा-तेराचा पाना टांगला. सोडला हात. खुंटी राहिली! रसूल, मी जन्मभर दातेरी चक्रावर विश्वास टाकला. चक्राचा दाता तुटून एक जीप सुटताना बघितलीये. आणि इथं दाता नाही, अटकाव नाही, नुसता निमुळता आकार, आणि ओझं जेवढं ओढतंय तेवढीच ती घट्ट होतेय. सगळे पुन्हा पुन्हा करून बघत होते. दिवा लावायची वेळ झाली तरी कुणी उठेना.

मोटार मोडल्याचं मनाला लावून घेऊ नको. तंबोऱ्याची तार कायम ताणलेली असते. क्रेनचा दोर काम नसताना सैल सोडायचा असतो. रिकाम्या क्रेनचा दोर ताणून ठेवणाऱ्याला मी कामावरून काढलं असतं, पण षड्ज लावायला गेला म्हणून क्रेन मोडणारा माणूस आख्ख्या हायवेवर मिळायचा नाही. सगळं सामान धुळाबरोबर परत पाठवतोय, आता गाडीचं पोट लाकडाचं कर. आमची पहिली क्रेनही खाली लाकडाचे ओंडके लावून टिकवली होती. आणि पुढं, रेडिएटरखाली, शिशाचा तुकडा ठेव. मागं ओझं उचललं की पुढचं उचलतं, म्हणून आम्ही पुढं लोखंड भरायचो.

आता ऐक. राग आला तरी वाच.

तो हूक तू केलेला नाहीस. भिंगाखाली बघितला. डाव्या हातानं कानस मारली की रेघा एका अंगाला झुकतात. या दुसऱ्या अंगाला झुकल्यात. म्हणजे उजवा हात. शिवाय नवशिका माणूस कानस मागं घेतानाही दाबतो. इथं परतीची एकही रेघ नाही. म्हणजे नुसता उजवा नाही, मुरलेला हात आहे. धुळाला विचारलं तर म्हणाला, “म्हातारं जिभंनं न्हाई, बोटानं बोलत हुतं. आन् म्हातारी बाकड्यावर बसली हुती.”

भाभींना माझा सलाम सांग. त्यांनी हात लावला म्हणून लपवायचं काय आहे त्यात?

मानसिंग

*

मिरज
३० ऑगस्ट २०२४

मानसिंग,

तू क्रेनवाला आहेस की पोलीस?

हो. शाहजादीनं केलं. लपवलं, कारण आमच्या आळीत बायका भोपळा साफ करतात, लाख लावतात, पॉलिश मारतात. बाकड्यावर बसत नाहीत. कुणी ठरवलं ते ठाऊक नाही. माझ्या बापाच्या वेळीही असंच होतं. उद्या कुणी म्हणालं, रसूलच्या कारखान्यात त्याची बायको कानस चालवते, तर? म्हणून ‘डाव्या हातानं’ लिहिलं.

झालं असं. डबा आला. मी ‘कपाटावर’ म्हणालो. तिनं तुझं पत्र वाचून दाखवलं, खुंटीचा प्रश्न आला. मी उत्तर सांगायला गेलो, जीभ वळेना. बोटानं दाखवायला गेलो, कळेना. वैतागून मी खडू भिंतीवर फेकला. तिनं तो उचलला, बाकड्यावर बसली, शिसवीचा तुकडा घेतला आणि खुंटी कातून माझ्या पुढ्यात धरली. “हेच ना?” म्हणाली. हेच.

मग हूक. हाडाचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरून तिनं आधी नुसता बघितला, जसं लहान मूल पहिल्यांदा मांडीवर घेतात तसं. कानस चालली तेव्हा आवाज मी ओळखला. माझ्याच कानसीचा आवाज, पण माझ्यापेक्षा हलका. ती मधेच थांबून फुंकर मारायची आणि हाड कानाशी न्यायची. हाड कानाशी कशाला? विचारलं नाही. मी नुसता बघत होतो, मानसिंग. इतकी वर्षं माझी पाठ तिच्याकडं आणि तोंड बाकड्याकडं. तिचे हात मी कधी कामात बघितलेच नव्हते.

गाडीचं लाकडी पोट ती करते आहे. पण त्याच्यापुढं काही सुचवू नको. तू सुचवणार, मला ठाऊक आहे. खेळणं वेगळं, तंबोरा वेगळा. ती घोडी बाईंच्या गुरूची आहे. कानसीचा एक घास जास्त गेला की संपलं. शोएबला ‘हो’ म्हणून टाकलंय.

रसूल

*

नागठाणे
५ सप्टेंबर २०२४

दोस्त रसूल,

सुचवत नाही. गोष्ट सांगतो.

कुंभार्ली घाटात एकदा गुळाचा टेम्पो गेला. पाटणवरनं क्रेन घेऊन आम्ही पोचलो तर धुकं असं, की माझ्याच क्रेनचं टोक मला दिसेना. टेम्पो खाली एका झाडाला अडकलेला, आत ड्रायव्हर जिवंत, हाका मारतोय. मी लिव्हरवर. कठड्यावर माझा हेल्पर कोंडीबा पालथा पडलेला, त्याला तेवढा टेम्पो दिसतोय. त्याच्या उजव्या हाताचा पंजा मला दिसतोय, बाकी काही नाही. पंजा उघडला की ओढ. मिटला की थांब. एक बोट हललं की केसभर सोड. मी काय उचलतोय ते मला दिसतच नव्हतं, रसूल. मी कोंडीबाचा पंजा उचलत होतो.

ड्रायव्हर वर आला. गुळाच्या ढेपा दरीत घरंगळल्या, त्यांचा वास कितीतरी वेळ धुक्यात होता.  

आमच्या धंद्यात हात एकाचा आणि नजर दुसऱ्याची, याला कुणी खोट म्हणत नाही. नव्या पोरांना पहिलं हेच शिकवतो, की लिव्हर हातात आली म्हणून माजू नका, खाली बघणाऱ्याचं ऐका. उलट जो एकटाच बघतो आणि एकटाच ओढतो, तो गाडी पाडतो.

तुझे कान शाबूत आहेत. तुझं बोट हलतं. घाटात आम्हाला एवढंच लागतं.

आणि ती घोडी दिवाळीला नाहीतरी मुकीच परत जाणार. झाडाला अडकलेला टेम्पो खाली पडेल म्हणून कुणी क्रेन परत नेत नाही.

झालं. गोष्ट संपली.

मानसिंग

*

मिरज
८ ऑक्टोबर २०२४

मानसिंग,

मोटार पाठवतो आहे. तून लाकडाचं पोट, पुढं शिसं. दोर सैल सोडलाय, माझी नोकरी जायला नको म्हणून.

आता दुसरं.

तुझं पत्र आलं, मी चिडलो, बाकड्याच्या खणात टाकलं.  मागच्या जुम्याला दुपारी नमाजहून आलो तर तिनं तंबोरा बाकड्यावर आडवा घेतलेला, तारा चढवलेल्या, घोडी बसवलेली. बारीक कानस माझ्या डाव्या हातात दिली. म्हणाली, “तुम्ही धरा न्हाईतर मला द्या. मधे ठेवू नका.” मी ती बोटांत फिरवली. मग परत दिली.

मी समोर बसलो. बोट वर केलं की घास, आडवं केलं की थांब. तुझा कोंडीबा झालो. ती तार सैल करायची, घासायची, तार चढवायची, छेडायची. ठण्ण. पुन्हा सैल. ‘हौर,’ मी म्हणायचो. ठण्ण. ‘हौर.’ हाडाचं पीठ तिच्या बांगड्यांवर पडत होतं. मधे एकदा तिनं कानस खाली ठेवली, पाणी प्याली, परत उचलली.

आणि मग, मी बोट आडवं करायच्या आत तिनं कानस ठेवून दिली. मला वाटलं घाबरली. अजून केसभर राहिलं होतं, माझ्या हिशेबानं. मी ‘हौर’ म्हणालो. तिनं मान हलवली. नको. तारेखाली, घोडीवर, गुंज खुलवणारं सूत सरकवलं आणि तार छेडली.

मानसिंग, तुला काय सांगू. खोली भरली. आधी तार, मग तारेच्या आतली तार, मग तिच्याही आतली. लोखंडातनं मध गळावा तसं. भिंतीला टांगलेले मुके भोपळे हुंकारले. बाहेर भाजीवाला थांबला. मी म्हणत होतो ते केसभर काढलं असतं तर हे मेलं असतं. तिला कसं कळलं? विचारलं, तर म्हणाली, “कान हैत मला.”

शोएब शनिवारी आला. ऐकलं. भाडेकरूला दिवाळीपर्यंत थांब म्हणालाय. बाईंना पसंत पडलं तर कारखाना उघडा राहील, नाहीतर कुलूप. बाईंच्या कानाला मी घाबरतो. म्हणून आधी तुझा कान मागतो. शोएबनं दोन्ही तंबोऱ्यांचा आवाज यशराजच्या मोबाईलवर पाठवलाय. एकाची जवारी माझी, पडायच्या आधीची. दुसऱ्याची हिची. कुठला कुणाचा ते सांगितलेलं नाही. तू म्हणतोस ना, शंभरातनं काढून देतो. इथं दोनच आहेत. माझा कुठला, सांग. आणि हिचा त्याच्या किती खाली आहे, तेही खरं सांग.

रसूल

*

नागठाणे
१३ ऑक्टोबर २०२४

दोस्त,

खंडेनवमी झाली. पाटावर पाने, जॅक, साखळ्या, मधोमध तुमची क्रेन. शालूबाईनं तिला हळदकुंकू लावलं तेव्हा बोटाएवढी जागा मिळेना, काडीनं लावलं. मग मी खुंटी दाबून फिरवली आणि बारा-तेराचा पाना पाटावरनं उचलला. लाकडाचं पोट तसूभर वाकलं नाही, पुढची चाकं जमिनीला चिकटून. धुळा खाली वाकून बघत होता. “आवं मालक, ह्ये खरंच उचलतंय की!” म्हणाला आणि त्यानं टोपी काढली. का काढली त्यालाही सांगता आलं नसतं. मला माझी पहिली क्रेन दिसत होती, रसूल, पण दुर्बिणीच्या उलट्या बाजूनं बघावी तशी, लांब आणि झगझगीत.

रात्री नको म्हणून सकाळी, हायवे जरा शांत असताना, आवाज ऐकला. यशराजनं मोठा स्पीकर लावला. मी घरातला तंबोरा मांडीवर घेऊन बसलो, आधी तो छेडला, मग मोबाईलवरचा एक नंबर, मग दोन नंबर. पुन्हा. पुन्हा.

दोन्ही चांगले. एक नंबर घरंदाज आहे, जरा कोरडा. पण दोन नंबर! तो लागला आणि मांडीवरचा माझा तंबोरा, हात न लावता, आपोआप गुंजायला लागला. भावानं भावाला हाक मारावी तसा. शालूबाई स्वयंपाकघरातनं बाहेर आली. एकाच हाताचं काम आहे ते, मी गुडघ्यावर हात ठेवून शपथ घेतो. तीच शेवटची गोलाई, तेच थोडं राखून ठेवणं.

तेव्हा लिहून घे : दोन नंबर तुझा. एक नंबर भाभींचा, आणि तो तुझ्या फार खाली नाही, बोटभर. बाईंना दे बिनधास्त. माझ्या कानाची पैज आहे, हरलो तर तीन क्रेनमधली एक तुझी.

मानसिंग

*

मिरज
४ नोव्हेंबर २०२४

मानसिंगभाऊ,

सलाम. हे पत्र मी लिहिते आहे, शाहजादी. सातवीपर्यंत शिकले आहे, चुका पोटात घाला. यांच्या हाताला आता थोडी पकड आली आहे, चमचा धरतात. पण हे पत्र मीच लिहायचं असं यांनी सांगितलं.

बाई पाडव्याला आल्या. दोन्ही तंबोरे घेऊन तास दीड तास गायल्या. जाताना गुरूच्या घोडीला डोकं टेकलं आणि मला विचारलं, “आणखी एक जोडी कराल का?” यांना नाही, मला. शोएबनं भाडेकरूला ‘नाही’ म्हणून कळवलं. बाकड्याजवळ दुसरी खुर्ची आणली आहे, यांच्यासाठी.

तुमचं पत्र यांनी तीनदा वाचायला लावलं. क्रेन आम्हाला ठेवायला जागा नाही, तुमच्याकडंच असू द्या.

एक नंबर यांचा आहे. दोन नंबर माझा.

तुमचा कान चुकला असं यांना वाटलं, आणि हे हसायला लागले. मला वाटलं नाही. तुमच्या मांडीवरचा आणि दोन नंबरचा, दोन्ही एकाच हाताचे, हे तुम्ही बरोबर ऐकलंत. तेव्हा मी यांना सांगितलं, आणि तुम्हालाही सांगते. तुमचा तंबोरा करायच्या वेळी यांना टायफॉइड झाला होता आणि तुम्ही सोमवारी न्यायला येणार होता. ताप उतरल्यावर यांनी तार छेडली आणि म्हणाले, “तापानं पडायच्या आधी मी जवारी काढली ती बरी उतरली.” मी भाकरी करत होते. तवा तापला होता.

तुमच्या घरातल्या तंबोऱ्याची जवारी मी काढलेली आहे.

शाहजादी